गद्रेसरांना हवं होतं अख्खं रडणं

या, असे जवळ सरका. इतक्या लांबून वाचता आणि मग म्हणता, कौतिकबाईंनी नीट सांगितलं नाही. चष्मा असेल तर लावा. डोळे बारीक करून वाचण्यात कसली फुशारकी, मला तर कळत नाही. आणि मधलं सोडून शेवटावर उडी मारायची नाही. माझी सून सुनंदा तसंच करते आणि मग मलाच विचारते, "हा माणूस मेला कधी?" या हकिकतीत माणसं बरीच मरतात, तेव्हा तुम्ही तर जास्तच लक्ष द्या.

तर आमच्या गल्लीत गद्रेसर नावाचे एक प्रोफेसर राहतात. कुणी वारल्याची बातमी आली की तुम्हीआम्ही काय करतो? अरे अरे म्हणतो, चपला शोधतो, धावतो. गद्रेसर आधी पेन्सिलींना टोक करायचे. एका नाही, तीन पेन्सिलींना. मग वही काखेत मारून मयताच्या घरी हजर, कधीकधी तर मयताच्या मुलांच्याही आधी. बाहेरगावचे पाहुणे विचारायचे, हे उंच गृहस्थ मयताचे कोण? कुणी सांगायचं, मामेसासरे. कुणी म्हणायचं, विम्याचा माणूस. निंबाबाई, माझी समोरची शेजारीण, ती मात्र सरळ सांगून टाकायची, "तो कोनाच कोनी नही. तो रडनं लिखस." म्हणजे हा कुणाचाच कुणी नाही, हा रडणं लिहितो.

आणि ते खरंच होतं.

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते तुम्हाला कळेल. मी अमळनेराकडची. लग्न होऊन सुरतेला आले ती गोडादऱ्याच्या वस्तीतच राहिले. माझे मालक संचाखात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवायचे, आता ते नाहीत, मुलगा चालवतो. शाळेची पायरी मी चढले नाही. वाचायला शिकले ती किराण्याच्या पुड्यांवरून. त्यामुळे बरीच वर्षं माझं ज्ञान चौकोनी होतं. कागद जिथे फाटला तिथे जग संपायचं. एक मंत्री पाच वर्षं माझ्यापुरता विमानाच्या जिन्यावरच उभा होता.

गद्रेसर मूळचे वाईचे. इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, पण ते पोटापुरतं. त्यांचा खरा अभ्यास जुन्या ग्रीक भाषेचा, आणि मग त्यानंतरच्या हजार-दीड हजार वर्षांत देशोदेशीच्या लोकांनी जे लिहून ठेवलं त्याचा. लॅटिन, फारसी, जुनी मराठी, सगळं शेजारी शेजारी मांडून ते बघत बसायचे. सुरतेतच अठवा नावाच्या बड्या वस्तीत त्यांचा चांगला फ्लॅट होता. तो सोडून हे आमच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत आले, तेव्हा लोकांना वाटलं, बायकोने हाकललं असेल. पण बायको नव्हतीच. लग्न करायचं राहून गेलं, असं ते सांगायचे. जसं आपण म्हणतो, कोथिंबीर आणायची राहून गेली.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, एवढी पुस्तकं घेऊन तुम्ही नेमकं बघता काय?"

"रडणं," ते म्हणाले.

मला वाटलं, माणूस दुःखी दिसतोय, चहा टाकावा. चहा पिता पिता त्यांनी समजावलं. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांत माणूस मेलं की बायका शब्दांत रडायच्या. पुढे आणखी कुठल्या कुठल्या मुलखांत तसंच. ती रडणी जुन्या पोथ्यांत लिहिलेली आहेत. सरांनी तीस वर्षं खपून ती गोळा केली आणि त्यांचं पुस्तक करायला घेतलं. सहा प्रकरणं तयार. सातवं कोरं.

"पोथ्यांतली सगळी रडणी पुरुषांनी लिहिलेली आहेत, कौतिकबाई. त्यांनी खरंच ऐकली, की घरी बसून रचली, कसं कळणार? मला एक तरी अख्खं रडणं कानांनी ऐकायचं आहे. पहिल्या हाकेपासून शेवटच्या हुंदक्यापर्यंत. ते मिळालं की सातवं प्रकरण झालं. परदेशातलं एक विद्यापीठ पुस्तक छापायला तयार आहे, पण त्यांची अट एकच, सातवं पाहिजे."

आता आमच्याकडे रडणं म्हणजे नुसतं डोळ्यांतून पाणी काढणं नव्हे. त्याला चाल असते. मेलेल्या माणसाला हाक मारायची, त्याच्या हातचं काय काय खाल्लं ते सांगायचं, मग त्याच्याशी भांडायचं की असा कसा गेलास, मग आधी गेलेल्यांना निरोप धाडायचा, माझ्या आईला सांग मी बरी आहे म्हणून. हे ऐकून सर उठून उभे राहिले. चहा सांडला तो त्यांना कळला नाही.

"ग्रीकांतही असंच," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. नळावर हंड्यांवरून भांडण झालं, ग्रीकांतही असंच. भाच्याने मामाची जागा बळकावली, ग्रीकांतही असंच. एकदा लाइट गेली आणि सर बाहेर ओट्यावर येऊन बसले. निंबाबाईने विचारलं, "काय मास्तर, ग्रीकांकडेही लाइट जायची का?" दुसरा कुणी चिडला असता. सरांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तेल संपायचं." कोपऱ्यावरचा दुकानदार गुजराती. तोही साखर महाग झाली की सरांना बघून म्हणायचा, "केम मास्तर, ग्रीकमां पण आवुं ज?"

तुम्ही म्हणाल, गोडादऱ्यात माणसं मरतात, बायका रडतात, सर हजर असतात, मग अडलं कुठे?

अडलं उंचीत.

सर सहा फुटांच्या वर. आमचे लूमवाले बेताच्या अंगाचे. आणि मयताला उंच, धट्टाकट्टा माणूस दिसला की लोक त्याला सोडत नाहीत. इकडे बायकांचं रडणं कुठे सुरात येतंय, सरांची दुसरी पेन्सिल चालू होतेय, तोवर कुणीतरी दंड धरायचं, "मास्तर, खांदा द्या." नाही कसं म्हणणार? वही माझ्या हातात कोंबून सर निघाले. त्यांच्या बाजूने तिरडी एवढी वर जायची की मयत घसरेल अशी भीती. म्हणून मागचा माणूस ओरडायचा, "मास्तर, गुडघ्यात वाका." मग सर वाकलेल्या गुडघ्यांनी थेट मसणवट्यापर्यंत. आमच्यात बायका मसणवट्यात जात नाहीत. खरं रडणं पुरुष गेल्यावरच रंगतं, तेव्हा घर आमचं असतं. सर परत येईपर्यंत बायका अंघोळ करून घरी गेलेल्या असायच्या.

अशी त्यांच्याकडे डझनभर अर्धी रडणी जमली. सगळी "अगं माय" पासून सुरू होणारी आणि तिरडी उचलताना तुटणारी.

एकदा त्यांनी युक्ती केली. पायाला हे एवढं पांढरं बँडेज बांधून लंगडत आले. म्हणाले, मुरगळलाय, मी आपला इथेच बसतो. पण आमची माणसं फार भली. "मास्तरांना मागे ठेवायचं? एवढे येतात बिचारे." रिक्षा बोलावली. सरांना आत बसवलं, मांडीवर तुपाचा डबा, पायाशी घासलेटचा कॅन, आणि सर मसणवट्यात सगळ्यांच्या आधी पोचले. तिथे एकटेच पाऊण तास बसून होते.

त्यातूनही जे मिळे त्यावर ते रात्रंदिवस विचार करत. एक दिवस हसत हसत माझ्याकडे आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गल्लीतली एक म्हातारी गेली होती, तिची थोरली सून रडली होती, आणि त्या रडण्यात सरांना मोठा शोध लागला होता.

"कौतिकबाई, ऐका. 'सासूबाई गं माझ्या, कुठे गेलात गं, दूध गं उतू चाललं.' दूध! ग्रीक लोक थडग्यावर दूध ओतायचे. पुढच्या काळातल्या एका पोथीत आईच्या मरणाला आटलेल्या दुधाची उपमा आहे. आणि इथे, गोडादऱ्यात, उतू जाणारं दूध. म्हणजे जगणं काठोकाठ भरून सांडून जातं, असा अर्थ. मी अकरा पानं लिहिली."

मी हातातलं काम खाली ठेवलं. माणसाचा आनंद मोडायला जिवावर येतं. पण खोटं कसं बोलू?

"सर, दूध खरंच उतू चाललं होतं."

"म्हणजे?"

"गॅसवर ठेवलं होतं ना, पाहुण्यांच्या चहाला. तिला रडता रडता दिसलं. मध्येच उठून कसं जाणार, चार लोकं काय म्हणतील? म्हणून तिने त्याच चालीत धाकट्या जावेला सांगितलं. पुढे 'बंद कर गं' पण म्हणाली होती."

"ते मी लिहिलं आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "बंद कर गं. मला वाटलं, मृत्यूला म्हणतेय."

त्यांनी माझ्यासमोर अकराच्या अकरा पानांवर काट मारली. पट्टी घेऊन, सरळ रेघेत. मी म्हटलं, अहो, असू द्या, तिथे परदेशात कोण बघायला येतंय? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमले. म्हणाले, "छापलेली ओळ खोटी नसावी, कौतिकबाई. मी तेवढं एकच सांभाळलंय."

मग ते माझ्या मागे लागले. कारण आता सांगायलाच हवं, गोडादऱ्यात रडावं ते मी. ही फुशारकी नव्हे. भेस्तानहून, कोसाडहून बोलावणी यायची. कुणाच्या घरी सगळे दगडासारखे बसले असले की म्हणायचे, कौतिकबाईंना आणा, म्हणजे मोकळं होईल.

"तुम्ही इथे, या खोलीत, माझ्यासमोर एकदा रडा," सर म्हणाले. "कुणासाठीही. कल्पनेतल्या माणसासाठी."

मी साफ नाही म्हटलं. रिकामं रडू नये. रडण्याला माणूस लागतं. नसलं तर ते रडणं माणूस शोधत फिरतं, असं माझी आई सांगायची. सरांनी हे वाक्यही लिहून घेतलं, पण त्याने काम थोडंच होणार?

"माणूसच पाहिजे का? मेलेली कुठलीही वस्तू चालेल?"

मी थट्टेने म्हटलं, चालेल. तिथेच चुकलं.

दोन दिवसांनी सर स्कूटर ढकलत आले. चोवीस वर्षांची जुनी स्कूटर. लिंबायतच्या मेकॅनिकने सांगितलं होतं, हिच्यात आता जीव नाही. सरांना हा निकाल पुरेसा होता. त्यांनी ती ओट्यासमोर आडवी केली, टेपरेकॉर्डर लावला आणि गल्लीतल्या बायकांना हात जोडून विनंती केली. मी बसले नाही, दारातून बघत होते. पण दुपारची वेळ, बाकीच्या बायका मोकळ्याच. सात जणी पदर डोक्यावर घेऊन स्कूटरभोवती बसल्या. निंबाबाईने हाक घातली,

"अगं माझ्या स्कूटरबाई, किती गं लाथा खाल्ल्यास, तरी गं चालू नाही झालीस..."

दुसरीने उचललं, "पेट्रोल गं प्यायलीस, धूर गं दिलास..."

तिसरीला सांगायचं होतं की मागे बसायला कुणी मिळालंच नाही गं, पण तिला हसू फुटलं, ती स्कूटरवरच पडली, आणि मग सगळ्याच लोळायला लागल्या. सरांनी रात्री ती टेप ऐकून इमानदारीत उतरवली. मी वही पाहिली आहे. त्यात लिहिलंय, "येथे सात स्त्रिया हसतात. नंतर पुन्हा हसतात."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला स्कूटर न्यायला आला, तेव्हा सर म्हणाले, हळू घ्या, हँडल वाकडं होईल. भंगारवाला त्यांच्याकडे बघतच राहिला.

त्याच सुमारास परदेशातून पत्र आलं. दिवाळीपर्यंत सातवं प्रकरण पाठवा, नाहीतर आम्ही थांबणार नाही. सर ते पत्र खिशात घेऊन फिरायचे. आणि त्या वर्षी, देवाची कृपा म्हणायची की काय म्हणायचं, गल्लीत कुणी मरेना. दम्याचे म्हातारे खडखडीत बरे झाले. सर त्यांची रोज चौकशी करायचे. मनात काही वाईट नसायचं हो, पण म्हातारे त्यांना बघितलं की घरात जायला लागले.

नवरात्र संपलं होतं. दुपारी मी साडीवर टिकल्या चिकटवत बसले होते. आमच्याकडे घरोघरी बायका हे काम करतात. सर दारात आले. हातात वही नाही, पेन्सिल नाही. मला वाटलं, ताप असेल.

"कौतिकबाई, एक विचारायचं होतं. उशीर झाला तर चालतं का?"

"कशाला?"

"रडायला."

"किती उशीर?"

"बावीस वर्षं."

मी हसले. म्हटलं, "तुमच्या ग्रीकांना तर हजारो वर्षं झाली, तरी तुम्ही त्यांच्या मागे आहातच की."

"ग्रीकांचं नाही," ते म्हणाले. "माझ्या बहिणीचं."

मी साडी बाजूला केली.

यमुताई त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तिनेच वाढवलं. सर परदेशात एका ग्रंथालयात शिकत होते, तेव्हा ती गेली. पत्र पोचलं तोवर तेरावंही उरकलं होतं. "मी वाचत होतो. एका जुन्या पोथीत एक बाई भावासाठी रडते, ते पान होतं. पत्र आलं, ते वाचलं, खूण म्हणून पोथीत घातलं आणि पुढचं पान वाचलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही." दोन वर्षांनी परत आले तेव्हा मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं होतं. "त्यांनी चहा दिला. हवापाण्याचं बोललो. आमच्या घरात मोठ्याने रडत नाहीत, कौतिकबाई. मी कपबशी आत नेऊन ठेवली आणि निघालो."

मी म्हटलं, "आमच्यात त्याला वाट आहे. लांब दिलेली मुलगी, दूरचा भाऊ, वर्षाने येवो की दोन वर्षांनी, तो दारावर येतो. घरातली बाई त्याला दारात धरते आणि दोघं तिथेच रडतात. तारीख कुणी विचारत नाही."

"पण ते घर नाही आता."

"दार माझं घ्या. मात्र मला तिचं काही सांगावं लागेल. ओळख नसलेल्या बाईवर मी कशी रडू?"

सरांनी घसा साफ केला आणि कॉलेजातल्यासारखं सुरू केलं. जन्म अमुक साली, शिक्षण चौथीपर्यंत. मी म्हटलं, "सनावळ्या नकोत. ती काय करायची?"

सर म्हणाले, "पालीला घाबरायची. दुधाच्या पातेल्यातली खरवड माझ्यासाठी काढून ठेवायची. मी घरी पहिल्यांदा ग्रीक अक्षरं शिकायला लागलो, तेव्हा वही धरून माझी परीक्षा घ्यायची. तिला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. तरी चुकलो की बरोबर पकडायची. मी विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाली, चुकलास की तुझा कान लाल होतो."

"बास," मी म्हटलं. "आता बाहेर जा आणि पुन्हा या."

सर बाहेर गेले. चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. दारात येऊन म्हणाले, "येऊ का?"

"असं विचारत नाहीत, सर. दारावर येणारा विचारत नाही. पुन्हा जा."

पुन्हा गेले. या वेळी आत आले ते थेट खुर्चीकडे निघाले.

"खुर्चीवर नाही. उंबऱ्यात थांबा."

तिसऱ्यांदा आले तेव्हा उंबऱ्यावर पाय अडखळला, त्यांनी चौकट धरली, आणि मी त्यांच्या गळ्यात हात टाकले. हात कसले पोचतात, कमरेपर्यंत मी. मी हाक घातली. यमुताई गं, तुझा भाऊ आला गं, लांबून आला, उशिरा आला. याच्यासाठी खरवड कोण ठेवेल गं आता. याचा कान लाल झाला तर कोण बघेल गं. मग मी तिच्याशी भांडले, की एवढी घाई का केलीस. मग मध्येच माझी आई आली, मालक आले, त्यांनाही निरोप गेले, रडण्यात तसं होतंच. आणि सर माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत नुसते "ताई, ताई" करत होते. ग्रीक नाही, लॅटिन नाही. एवढा शिकलेला माणूस, एकच शब्द.

आवाज गल्लीत गेला. कौतिकबाई रडतेय म्हणजे नक्कीच कुणी गेलं. निंबाबाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. "काय झालं वं? कोण गेलं?"

"मास्तरांची बहीण," मी म्हटलं.

"कधी?"

मी म्हटलं, "झाले थोडे दिवस."

निंबाबाईने दुसरं काही विचारलं नाही. खाली बसली, पदर घेतला आणि यमुताईला हाक घातली. स्कूटरवर हसणाऱ्या बाकीच्या सहा जणीही आल्या. पुरुषही जमले. कुणीतरी सवयीने बांबू आणायला निघालासुद्धा. त्याला सांगितलं, उचलायचं काही नाही, बसा नुसते. तासभर अशा रडलो की माझ्या इतक्या वर्षांत मी तसं रडणं ऐकलं नाही. पहिल्या हाकेपासून शेवटच्या हुंदक्यापर्यंत, मध्ये कुठे तुटलं नाही. सर शेवटी खालीच बसले, भिंतीला टेकून, लहान मुलासारखे पाय पसरून.

तीन दिवस गल्लीने त्यांच्या खोलीत चूल पेटू दिली नाही. कुणाकडून पिठलं-भाकरी, कुणाकडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. सर सगळं निमूट खायचे.

दिवाळी आली, गेली. परदेशातल्या विद्यापीठाने नाही म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी पुस्तक इथल्याच एका छापखान्यातून निघालं. पातळसं, हिरव्या कव्हरचं, इंग्रजीत. सरांनी एक प्रत मला आणून दिली आणि लगबगीने निघून गेले.

सुनंदा बीए झालेली. मी तिला म्हटलं, आधी सातवं प्रकरण वाच. निंबाबाईही येऊन बसली होती. सातवं प्रकरण चार पानांचं निघालं. सुनंदाने पहिली ओळ वाचून मराठीत सांगितली. "गोडादऱ्यात सहा वर्षं राहूनही मला एकही पूर्ण विलाप ऐकायला मिळाला नाही."

सुनंदा चिडली. "असं कसं आई? त्या दिवशी तुम्ही सगळ्या तासभर रडलात. समोर बसून होते ना सर. मग लिहून का नाही घेतलं? करत काय होते?"

निंबाबाईने पुस्तक सुनंदाच्या हातातून घेतलं, मिटलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "रडी राहिंता ना तो." म्हणजे, रडत होता ना तो.

सर आता रिटायर झालेत. पण गल्ली सोडून गेलेले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसतात, दम्याचे म्हातारेही आता त्यांच्याशेजारी येऊन बसतात. तुम्ही एकदा याच. गोडादऱ्यात पाण्याच्या टाकीपाशी उतरा आणि कौतिकबाईंचं घर विचारा, कुणीही दाखवेल. आधी माझ्याकडे चहा घ्या, मग सरांकडे नेते. बसायच्या बेतानेच या, पाच मिनिटांचं येणं मला चालत नाही. आणि येतो येतो म्हणून वर्षं काढू नका. आम्ही दोघंही आता काही तरणे नाही.